गंगीचा गृहप्रवेश

खामगावात मी घर विकत घेतलं तेव्हा त्या घराचं सगळं काही मोजलं होतं. फक्त दार मोजायचं राहिलं.

माझ्या हातून अशी चूक व्हावी याचं लोकांना अजून नवल वाटतं, कारण मी सरकारी मोजणीत होतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मोठे साहेब नागपुरास बसत आणि उन्हातान्हात साखळी ओढायला आमच्यासारखे असत. बुलढाणा जिल्ह्यातली निम्मी शिवारं मी पायाखाली घातली होती. बांध वीतभर सरकला असला तरी मला लांबून कळायचं. दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे असले, तरी मी मधून साखळी टाकली की दोघेही निमूट बाजूला होत. पण शेताला दार नसतं. दार हीसुद्धा मोजायची वस्तू आहे, हे बावीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी सांगितलं नव्हतं.

तोवर आम्ही गावाच्या कडेला भाड्याने राहत होतो. घर दोन खोल्यांचं, पण आवार एवढं मोठं की दोन बैलगाड्या आत येऊन वळून बाहेर जाव्यात. आवाराला तसंच रुंद फाटक. घरात माणसं दोनच, मी आणि आमचं कुटुंब, म्हणजे सखू. मूलबाळ नव्हतं. आणि तिसरी गंगी.

गंगी आमची गाय. तिचा जन्म सखूच्या माहेरी, वडनेर भोलजीला. तिची आई तिसऱ्या दिवशी मेली. सखूचा थोरला भाऊ तुळशीराम म्हणाला, हे वासरू काही जगत नाही. सखूने ते घोंगडीत गुंडाळलं, बैलगाडीत मांडीवर घेतलं आणि खामगावपर्यंत खाली ठेवलं नाही. पुढे दोन महिने दुधात कापडाचा बोळा बुडवून तिने ते वासरू पाजलं. त्या दोन महिन्यांत मी उपाशी आहे की जेवलेला, हे आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं. (मलाही विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं.)

गंगी जगली, वाढली, आणि तिची शिंगंही वाढली. ती वर गेली नाहीत, पुढे आली नाहीत. दोन्ही बाजूंना सरळ आडवी पसरली. कोणी दोन्ही हात फैलावून वाट अडवून उभं राहावं तशी ती दिसायची. आणि ती वाट अडवायचीच. सखूखेरीज कोणाला ती जवळ येऊ देत नसे. माझ्याबद्दल तिचं मत काय होतं ते तिने माझ्या बरगडीवर दोनदा नोंदवून ठेवलं होतं.

घरमालकाने जागा दुसऱ्यांना द्यायचं ठरवलं, तेव्हा मी सखूला म्हणालो, की आता आपलं स्वतःचं घर घेऊ.

"तुमच्या मनानं घ्या," ती म्हणाली. "मले काई नाई पाह्यजे. फक्त गंगीले जागा पाह्यजे."

"अन् तुले?"

"माहं काय. म्या कुठीबी राहीन."

"अन् मले?"

यावर ती उठली. गंगीला सरकी घालायची वेळ झाली होती.

खरं सांगायचं तर माझ्याही मनात एक होतं. मला बैठक हवी होती. रस्त्याकडे खिडकी, खाली गादी, मागे लोड, बाजूला पानाचा डबा, आणि वर छोटीशी माडी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधावर उभं राहून जेवलेल्या माणसाला एवढं वाटलं तर त्यात काय वाईट? तशी बैठक आणि तशी माडी असलेलं घर मला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत सापडलं. बैठक पाहिली आणि मी तिथल्या तिथे विरघळलो.

तरी सखूची अट मी विसरलो नव्हतो. "मागे गोठा आहे का?" असं मी विकणाऱ्या म्हाताऱ्याला पहिलं विचारलं.

"हाये ना," तो म्हणाला. "चांगला बांधेल हाये."

मी मागे जाऊन पाहिला. खरंच चांगला होता. मी फीत काढली. लांबी अकरा फूट, रुंदी आठ फूट. गव्हाण जमिनीपासून सव्वा फूट. सगळं वहीत लिहिलं. सव्वा फुटावरून कोणतं जनावर खात असेल, हा विचार करणं वहीचं काम नव्हतं आणि तो माझ्या डोक्यात आला नाही. परसाला तिन्ही बाजूंनी भिंती होत्या. एकीकडे कापसाच्या जिनिंगची, उरलेल्या दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या. मी म्हटलं वा, जनावर बाहेर जायची भीती नाही. जनावर आत कुठून येणार, हे विचारायला मी थांबलो नाही. मला बैठकीत परत जाऊन बसायचं होतं.

घरी येऊन मी सखूला रीतसर नकाशा काढून दाखवला. घर काळ्या शाईने, विहीर निळ्या, गंगी लाल. गंगीची लांबी सहा फूट, रुंदी दोन फूट. गोठ्यात तशा दोन गंग्या मावत होत्या. शिंगं मी काढली नव्हती. मोजणीत झाडाच्या फांद्या धरत नाहीत, बुंधा धरतात.

"तू एकदा पाहून ये," मी म्हणालो.

"बावीस वर्सं लोकायची वावरं मोजून राह्यले तुमी," सखू म्हणाली. "तुमाले म्या काय पाह्याचं सांगू?"

त्या नकाशावर तिने गंगीच्या जागी कुंकवाचं बोट लावलं आणि तो देवाजवळ ठेवला.

खरेदीखत झालं. वैशाखातला मुहूर्त धरला. जुनं घर त्याच दिवशी रिकामं करून द्यायचं होतं, कारण नवे भाडेकरूही त्याच मुहूर्तावर तिथे येणार होते. म्हणजे मागे परतायची सोय उरली नव्हती. सामान आदल्या दिवशी नव्या घराशेजारच्या रहमान मिस्त्रींच्या पडवीत ठेवलं. मिस्त्री सुतारकाम करत. त्यांच्या दारातून आमचं दार दिसायचं. त्यांनी आदल्या दिवशी विचारलंही होतं, "साहेब, गाय किदर बांधणार?" मी म्हणालो, "मांगच्या गोठ्यात." त्यांनी आमच्या दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "अच्छा." सरकारी माणसाला आपण काय सांगणार, असं त्यांना वाटलं असावं. सरकारी माणसाचा असा आदर कोणी करू नये.

आता आमच्याकडची रीत सांगतो. नव्या घरात पहिलं पाऊल गाईचं. तिच्यामागून कलश घेऊन घरची बाई, तिच्यामागून घरधनी, आणि मग बाकीचं जग. गाय आत गेल्याशिवाय उंबरा कोणी ओलांडायचा नाही. त्यामुळे सकाळी पाऊणशे माणसं गल्लीत उभी होती. वैशाखातलं खामगावचं ऊन ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. तुळशीराम वडनेरहून दोन गाड्या भरून माणसं घेऊन आला होता, आणि भाचीसारख्या गाईचा मान म्हणून एक डफडंवालाही आणला होता. स्वयंपाक गल्लीतच मांडव घालून चालला होता. गंगीच्या खुरांवर पाणी घातलं, कपाळी हळदकुंकू लावलं, पाठीवर झूल टाकली. दाराला झेंडूचं तोरण. सखूने नवं लुगडं नेसून हातात कलश घेतला. ती इतकी आनंदात मी तिला आमच्या लग्नातही पाहिली नव्हती.

गंगी दारापर्यंत आली आणि थांबली.

तिने डावीकडे पाहिलं. डावं शिंग चौकटीला टेकलं. तिने उजवीकडे पाहिलं. उजवं शिंग टेकलं. मग तिने वळून माझ्याकडे पाहिलं. जनावरांना काही कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी ती नजर पाहायला हवी होती.

"यजमान, गाय आत घ्या," गुरुजी म्हणाले.

"घेतो."

"मुहूर्त सुरू झालाय."

"हो."

"गाय बाहेरच आहे."

"दिसतंय मला, गुरुजी."

मी खिशातून फीत काढली. पाऊणशे माणसांसमोर दार मोजलं. अडीच फूट. मग लांबूनच, अंदाजाने, शिंगं मोजली. सव्वातीन फूट. पुन्हा दार मोजलं. अडीचच फूट.

"काय झालं हो?" सखूने विचारलं.

"काई नाई. जरासा फरक हाये."

"कितीक?"

"नऊ इंच."

कलशातलं पाणी हललं.

मग गल्लीत सल्ले सुटले. एक म्हणाला, मागच्या बाजूने आत न्या. तेव्हा लक्षात आलं की मागून वाटच नाही. दुसऱ्याने विचारलं, मग पहिल्या मालकाची गुरं कुठून जायची? रहमान मिस्त्री शांतपणे म्हणाले, "गुरं कहां साहेब, बकऱ्या होत्या त्याच्या." सव्वा फुटाची गव्हाण माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. मी विकत घेतलेला गोठा बकऱ्यांचा होता! तिसरा म्हणाला, गाय उलटी करा, शेपटीकडून आत ढकला. गुरुजी भडकले. लक्ष्मी अशी येत नाही, म्हणाले, ती अशी जाते. चौथ्याने शिंगांची टोकं कापायची गोष्ट काढली. सखूने त्याच्याकडे एकदाच पाहिलं, आणि तो गृहस्थ न जेवता गावी गेला.

"मिस्त्री," मी हळूच म्हणालो, "काई होते का?"

"साहेब, गाय बराबर हाये. दरवाजा छोटा हाये."

"ते मलेबी दिसून राह्यलं."

"पहले दिसाले पाह्यजे होतं."

शेवटी तुळशीरामने सूत्रं हाती घेतली. या माणसाला कुठल्याही गोष्टीत आपल्याला कळतं असं वाटतं, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे निम्म्या वेळा कळतंही. "जवाईबुवा, सरका बाजूले," तो मला म्हणाला. "मान तिरपी केली तं शिंग जाते." त्याने बाहेरूनच गुळाचा खडा आत टाकला, भिंतीलगत डाव्या हाताला. गंगीने वास घेतला, मान खाली घातली, तिरपी केली, आणि खरोखर एक शिंग आत गेलं. मग दुसरंही गेलं. आत गेल्यावर गंगीने मान सरळ केली. आता नुसतं चालायचं बाकी होतं. अजून चार पावलं, आणि ही गोष्ट सांगायला उरलीच नसती.

पण तुळशीरामला वाटलं, फत्ते झाली. त्याने हात वर केला. तो इशारा ठरलेला होता. डफडंवाल्याने गंगीच्या शेपटीपासून हातभर अंतरावर डफडं कडाडून वाजवलं.

गंगी दचकून मागे हटली. मान सरळ, शिंगं आडवी, आणि ती दोन्ही चौकटीच्या आतल्या बाजूने अडकलेली. चौकट सागाची होती, असं मला सांगितलं होतं. ती सागाची होतीच, पण आतून वाळवीची होती, वरून फक्त रोगण दिलेलं. एक हिसका, दुसरा हिसका, आणि तिसऱ्याला भिंतीतून माती ओकत चौकट बाहेर आली. उंबरा तेवढा जागेवर राहिला. वरची पट्टी गंगीच्या मानेवर, दोन्ही उभ्या बाह्या दोन अंगांना, आणि मध्ये झेंडूचं तोरण. जन्मात जिच्या मानेवर जू ठेवलं नाही त्या गाईच्या मानेवर माझं घर होतं. तिने एकदा हंबरून गल्ली पाहिली आणि धूम ठोकली.

तिच्यामागे सखू, हातात कलश तसाच. तिच्यामागे पीतांबर सावरत मी. माझ्यामागे तुळशीराम, वडनेरची मंडळी, आणि डफडंवाला. (त्याला कोणी थांबायला सांगितलं नव्हतं, म्हणून तो वाजवतच होता.) कापसाच्या बाजारातून आम्ही असे गेलो. ओळखीचे आडते उठून उभे राहिले आणि हात जोडले. त्यांना वाटलं कसली तरी मिरवणूक आहे.

गंगी कुठे जाणार होती? घरीच. म्हणजे जुन्या घरी. तिथे नवे भाडेकरू, एका तेलाच्या गिरणीचे मुनीम आणि त्यांची मंडळी, दाराशी ताटकळत उभी होती. त्यांचाही मुहूर्त तोच, रीतही तीच. गुराख्याने गाय आणून देतो म्हणून कबूल केलं होतं आणि तो आला नव्हता. मुहूर्त टळत चालला होता. मुनीमाच्या बायकोचे डोळे भरून आले होते. आणि तेवढ्यात हळदकुंकू लावलेली, झूल पांघरलेली, गळ्यात तोरण घातलेली गाय आपल्या पायांनी फाटकातून आत आली. फाटक रुंद होतं. चौकटीसकट ती आरामात मावली. ती सरळ दोन्ही खोल्यांपुढच्या ओसरीवर चढली, आणि ओसरीवरून आपल्या जुन्या जागी, दावणीपाशी जाऊन उभी राहिली.

तिकडच्या बायकांनी गंगीपुढे लांबूनच डोकं टेकलं. माझ्या गाईने, माझ्या मुहूर्तावर, माझ्या घराची चौकट घालून, मुनीमाचा गृहप्रवेश करून दिला.

"गाय तुमची हाये का?" मुनीमाच्या बायकोने मला विचारलं.

"हाव."

"अन् चौकट?"

"तेबी माहीच हाये."

तिने थोडा विचार केला. "मंग बसा. गाय आपल्या पायानं आली. तिले पुरनाची पोळी चारल्याबिगर जाऊ देता येत नाई. अन् गाईसंग आलेल्या मानसालेबी उपासी धाडता येत नाई."

मला पाटावर बसवलं. नवं घर घेतलेल्या दिवशी मी दुसऱ्याच्या भाड्याच्या घरात, पूर्वी माझ्याच असलेल्या ओसरीवर, परक्या लोकांच्या वास्तूचं जेवलो. पोळी चांगली होती.

सखू जेवली नाही. ती दावणीपाशी गंगीच्या मानेला हात लावून बसली होती. तिने गंगीला धरून ठेवलं तेव्हा कुठे मागून आलेल्या मिस्त्रींनी चौकट करवतीने कापून काढली होती, आणि जिथे घासलं होतं तिथे सखू तेल लावत होती. मी जवळ गेलो.

"म्या तुमाले दुसरं काई मांगतलं होतं का?" ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "सोनं मांगतलं? लुगडं मांगतलं? अठरा वर्सांत एक गोष्ट मांगतली. गंगीले जागा."

ती ओरडली असती तर मीही काही ओरडलो असतो. मोजणीत लोकांनी मला शिव्या दिल्या, एकदा दगडही मारला, पण इतकं लहान मला कधी वाटलं नाही.

"येवढं काय त्यात," तुळशीराम मिशीवरचं पुरण पुसत म्हणाला. "गाय म्या वडनेरले नेतो. तिथं तिचं घर हाये."

"ने," सखू म्हणाली. "अन् माही पेटी बी गाडीत टाक."

तुळशीराम हसला. मग त्याने बहिणीचं तोंड पाहिलं आणि तो हसायचा थांबला. सखू बोलली की बोलली. मला दिसलं, की संध्याकाळी गाडी वडनेरच्या रस्त्याला लागेल, मागे गाय बांधलेली असेल, आणि मी बैठकीत गादीवर लोडाला टेकून एकटाच बसलेला असेन. बैठकीला दारही नसेल.

वाचवलं ते रहमान मिस्त्रींनी. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, एक बात सांगतो. चौकट निघाली तं संग भिंतबी निघाली. आता तिथं साडेतीन फुटाचा भोक हाये. तुमची गाय सीधी जाईन."

मी गुरुजींकडे धावलो. ते मांडवात रिकाम्या पोटी बसले होते आणि मला शाप देण्याच्या बेतात होते. मी म्हणालो, आजचाच दुसरा मुहूर्त काढा, नाहीतर माझा संसार संपतो. त्यांनी पंचांग उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "गोरज मुहूर्त घ्या. तो गाईच्याच नावाचा आहे. निदान तेवढा तरी साधा."

सूर्य कलला, रानातली गुरं धूळ उडवत गावात शिरली, आणि त्याच धुळीत गंगी परत आमच्या गल्लीत आली. सखूच्या हातात कलश होता. डफडंवाल्याला तुळशीरामने स्वतः बाजारात नेऊन बसवलं होतं. गंगीने त्या भोकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मान सरळ ठेवून, शिंगं कुठेही न लावता, राणीसारखी आत गेली. मागून सखू गेली. मागून मी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भिंतीची माती गेली असावी असं मी सगळ्यांना सांगितलं.

आणि गंगी बैठकीत जाऊन थांबली. कारण बैठकीतून माजघरात जायला आणखी एक दार होतं. अडीच फूट.

गूळ दाखवला तरी ती आता मान तिरपी करेना. "मिस्त्री," मी म्हणालो, "हेबी काढून टाका."

मिस्त्रींनी भिंतीवर हात फिरवला, वर पाहिलं, बोटाने ठोकलं. "साहेब, ह्या भिंतीवर माडी उभी हाये. भिंत काढली तं माडी खाली येईन. बोला, माडी पाह्यजे का गाय?"

मी सखूकडे पाहिलं. सखूने गंगीकडे पाहिलं. गंगीने माझ्या गादीचा वास घेतला आणि तिच्यावर बसली.

"आजच्या दिवस राहू दे तिले इथं," सखू म्हणाली. तिची पेटी मिस्त्रींच्या पडवीतून आत आली, वडनेरच्या गाडीत गेली नाही. एवढंच मला हवं होतं. मी म्हणालो, हो, आजच्या दिवस राहू दे.

त्या आजच्या दिवसाला आता अकरा वर्षं झाली.

बैठकीला मिस्त्रींनी रुंद दार करून दिलं. रस्त्याकडच्या खिडकीत गव्हाण बसवली, कारण तिला तिथून वारा लागतो आणि येणारेजाणारे दिसतात. माडीचा जिना बैठकीतूनच वर जातो. त्या जिन्याचा खांब गंगीला अंग घासायला आवडतो, आणि सखूखेरीज कोणी जिन्याजवळ आलेलं तिला चालत नाही. त्यामुळे माझ्या माडीवर मी आजवर चारदा गेलो आहे, चारही वेळा गंगी झोपलेली असताना. घराबाहेर पडायचं तर तिच्यापुढून जावं लागतं. जाताना कडब्याची एक पेंढी पुढे करायची, येताना एक. सुरुवातीला मी माजघरात लिहायला बसायचो, पण एकदा सुलतानपूरच्या शिवाराचा नकाशा बैठकीत विसरलो आणि गंगीने नदीपासून पूर्वेकडचा सगळा भाग खाल्ला. कचेरीत मी सांगितलं की पुरात गेला. तेव्हापासून कागद, वही, दौत आणि मी, सगळं मागच्या गोठ्यात आहे. दुपारी थंड असतो. सव्वा फुटाच्या गव्हाणीवर फळी टाकली की मांडी घालून लिहायला नेमकी उंची होते.

गेल्या साली मला ताप आला म्हणून बुलढाण्याचे आमचे साहेब दौऱ्यावर असताना समाचाराला घरी आले. मी मागून सगळं ऐकत होतो.

"आमचे मोजणीदार आहेत का घरी?"

"हायेत ना," सखू म्हणाली. "मांगं गोठ्यात हायेत."

साहेब बैठकीच्या दारात उभे होते आणि समोर गंगी रवंथ करत त्यांच्याकडे बघत असणार.

"बाई, गाय बैठकीत आणि नवरा गोठ्यात?"

"मंग काय करता, साहेब," सखू सरळपणे म्हणाली. "गंगी तिथं मावत नाई. हे मावतात."

साहेबांनी मला नंतर विचारलं, की तुम्हाला याचं काही वाटत नाही का? काय वाटायचं आहे? बकऱ्यांच्या गोठ्याचं दार ठेंगणं आहे, मान खाली घालून आत शिरावं लागतं, एवढंच. ते गंगीला कधी जमणार नव्हतं. मला लग्नाच्या दिवसापासून जमतं.